कपडे जुने करणारे काका

मला अमेरिकेत कामाला लावलं ते लंडनच्या काकांनी. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी माझ्या एका चुकीचं पुराण लावणार आहे, त्या भरात मुख्य गोष्ट राहून जायला नको. मी इचलकरंजीची. नववीतून शाळा सोडलेली, आणि छत्तिसाव्या वर्षी नणंदेनं भरलेल्या अर्जावर नवऱ्या-पोरासकट शिकागोजवळच्या नेपरव्हिलला येऊन पडलेली. माझं इंग्रजी ‘थँक्यू’ला सुरू व्हायचं आणि ‘सॉरी’ला संपायचं. असल्या बाईला सिनेमावाल्यांच्या दारातून आत न्यायला कुणी शहाणा माणूस धजला नसता. काका धजले.

काका मूळचे गिरगावचे. तरुणपणी मामाकडे लंडनला गेले, तिथल्या टीव्ही मालिकांत आणि सिनेमांत चाळीसएक वर्षं काम केलं, आणि काकू गेल्यावर इथे मुलीकडे राहायला आले. ‘टीव्हीत होते’ एवढं कळलं की इथल्या मराठी मंडळातली माणसं हटकून विचारायची, “मग काका, तुम्ही दिसायचात का हो?”

“मी नाही,” काका म्हणायचे, “माझा मळ दिसायचा.”

लोक हसायचे. पण ते खरंच होतं. गोष्टीतला पोस्टमन, खाणकामगार, कर्ज बुडवून पळालेला जमीनदार, सगळ्यांचे कपडे शिंप्याकडून कोरे करकरीत येतात. तसेच अंगावर चढवले तर नट लग्नाला निघाल्यासारखा दिसतो. तो कोट वीस वर्षं त्याच्याच अंगावर झिजलाय असं वाटलं पाहिजे. ती वीस वर्षं दोन दिवसांत कोटात घालायची, हे काकांचं काम. तिकडे त्याला ब्रेकडाउन म्हणतात. मंडळाच्या एका जेवणात काकांनी, “आय डिड ब्रेकडाउन फॉर फॉर्टी इयर्स,” असं कुणाला तरी सांगितलं, तर शेजारी बसलेल्या एका बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवून हळूच विचारलं होतं, “आता बरं वाटतं ना?”

“काम नसलं की त्रास होतो,” काका म्हणाले.

त्यांच्या पिशवीत किसणी असायची, स्वयंपाकघरात असते तीच. तारेचा ब्रश, काचकागद, मेणबत्तीचं बुटुक, ग्लिसरीन, चहाची पूड. आणि मुलतानी माती. तिकडचे लोक धुळीसाठी जी माती वापरतात ती म्हणे हीच. इंडियन ग्रोसरीतल्या फेसपॅकच्या कप्प्यातली सगळी पाकिटं काका उचलायचे. काउंटरवरची मुलगी एकदा कौतुकानं म्हणाली, “अंकल, स्किन के लिए बहुत अच्छा है.” काका म्हणाले, “घुटनों के लिए ले रहा हूँ.” त्यांना पँटीचे गुडघे म्हणायचं होतं. पुढच्या वेळी गेलो तर त्या मुलीनं आपल्या आजीसाठी दोन पाकिटं बाजूला काढून ठेवली होती.

घरात नवी वस्तू काकांच्या हाती लागू द्यायची नाही, असा त्यांच्या मुलीचा नियम होता. नातीचे पांढरेशुभ्र बूट एकदा दारात राहिले. ती शाळेत जायला निघाली तर बुटांवर चार महिन्यांची धूळ.

“आजोबा, नो! दे वेअर ब्रँड न्यू!”

“तेच तर. तू चालतेस कशी, ते कुठे दिसत होतं त्यात?”

पोरगी रडली, मुलगी चिडली. पण बूट पालथे करून बघितले तर काकांनी डाव्या बुटाची टाच आतल्या बाजूनं जास्त घासली होती. “डावा पाय आत टाकते ती,” काका म्हणाले. मुलीनं पुढच्या महिन्यात पोरीला पायाच्या डॉक्टरकडे नेलं, तर खरंच डावा पाय आत वळत होता. मुलीनं ते काकांना बरेच दिवस सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आणखी किती बूट गेले असते, सांगता येत नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती एका कोटावरून. मी तेव्हा ड्राय क्लीनरच्या दुकानात मागच्या खोलीत पँटी आखूड करायची. मुलीनं काकांचा लोकरीचा कोट आणून दिला होता, कसरीनं खाल्लेला. मी रफू करून दिला. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी मला पुढे बोलावलं. काउंटरवर एक उंच, वाकलेले गृहस्थ, हातात भिंग.

“हू डिड धिस?”

“सॉरी,” मी म्हटलं.

“व्हेअर आर यू फ्रॉम?”

भीतीनं ‘इंडिया’ हा शब्दसुद्धा सुचेना. “इचलकरंजी,” मी म्हटलं.

गृहस्थांनी भिंग खाली ठेवलं. “मेंडिंगला होतीस की रफूला?”

या देशात येऊन दीड वर्ष झालं होतं, मला कुणी असं विचारलं नव्हतं. मागावरून उतरलेलं कापड टेबलावर ओढायचं, गाठी चिमट्यानं उचलायच्या, तुटलेला धागा सुईनं परत भरायचा, त्याला आमच्याकडे मेंडिंग म्हणतात. शाळा सोडली ती त्यासाठीच. “सहा वर्षं मेंडिंग,” मी म्हटलं, “मग रफू शिकले.”

“सकाळपासून भोक शोधतोय, सापडत नाहीये. धागा कुठला घेतलास?”

“ह्याच कोटाचा. आतल्या शिवणीतनं.”

“हं.” त्यांनी कोट घडी घालून काखेत मारला. “फाडायला शिकशील?”

वेडा माणूस दिसतोय, असं मनात आलं आणि तोंडातून “हो” गेलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘इचलकरंजी’. माझं नाव त्यांनी विचारलं ते दोन महिन्यांनी, कुठलासा फॉर्म भरायला हवं होतं म्हणून.

पहिला धडा त्यांच्या मुलीच्या गॅरेजमध्ये झाला. नवा कोरा कोट समोर टाकला आणि म्हणाले, कोपरावर किसणी फिरव. माझा हात चालेना. आमच्याकडे कापडात एक गाठ राहिली तर मुकादम सगळ्यांदेखत ओरडायचा. माझ्या हाताला वाईट कापड चांगलं करायचीच सवय.

“काका, हे पाप आहे.”

“आहेच. कर.”

मी फिरवली, दोन्ही कोपरांवर सारखी. काका वैतागले. “दोन्ही हात सारखे झिजतात का कुणाचे? हा माणूस काय करतो?”

“मला काय माहीत?”

“मग किसणी खाली ठेव. कपडा आपण होऊन जुना होत नसतो, इचलकरंजी. माणूस त्याला जुना करतो. आधी माणूस विचार.”

त्यासाठी ते मला ट्रेननं शिकागोला न्यायचे. काम काही नसायचं. जायचं, यायचं, समोर बसलेल्या माणसांची कोपरं बघायची. “तो निळा कोट बघ. बॅग कुठल्या खांद्यावर घेतो?” “उजव्या.” “कशावरून?” “तिथली लोकर चपटी झालीय.” “लग्न झालंय?” हे कसं ओळखायचं? “बटण बघ,” काका म्हणायचे. “दोऱ्याचा रंग वेगळा आहे आणि गाठ पुरुषाची आहे. झालं असलं तर बायको त्याच्याशी बोलत नाही.” त्या माणसानं एकदा मान वर करून आमच्याकडे पाहिलं, तेव्हा काकांनी हसून हात हलवला. मी खिडकीबाहेरचा बर्फ बघत राहिले.

असा एक हिवाळा गेला. ओल्या कोटाच्या खिशात दगड भरून टांगायचे म्हणजे खिसे लोंबतात. कॉलरला मेण आणि ग्लिसरीन चोळायचं म्हणजे मानेचा घाम दिसतो. चहाच्या पाण्यात बुडवलं की पांढऱ्याचं पांढरेपण जातं. मला हे सगळं जमायला लागलं. पण फाडणं जमेना. मी फाडलं की ते कात्रीनं कापल्यासारखं सरळ जायचं.

पुढच्या शरद ऋतूत लंडनची एक कंपनी इलिनॉयमध्ये मालिका करायला आली. रेल्वेवर काम करणाऱ्या एका माणसाची ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट. कपडे विभागाची प्रमुख एक इंग्रज बाई होती. ती पोरसवदा असताना लंडनला काकांच्या हाताखाली शिकलेली, त्यांना अजून ‘गव्हर्नर’, म्हणजे तिकडच्या बोलीत मालक, म्हणायची. तिचा कपडे जुने करणारा माणूस ऐनवेळी दुसऱ्या कामावर निघून गेला, तेव्हा तिनं काकांना फोन केला. काका म्हणाले, येतो, पण माझ्याबरोबर इचलकरंजी असेल. तिला वाटलं, हे काकांचं एखादं अवजार असेल. तिनं हो म्हटलं.

फॉर्मवर शिक्षणाची चौकट आली तिथे माझं पेन थांबलं. त्या चौकटीत कॉलेजचं नाव लिहिणाऱ्या बायका मी बघितल्या होत्या.

“नववी लिही,” काका म्हणाले.

“हसतील.”

“कोट कधी कुणाला विचारतो का, तू कितवी? लिही.”

मी लिहिलं. ते हसले नाहीत, पण माझी धडधड गेली नाही. घरी मी सगळ्यांना फोन करून सांगून बसले होते. पोरानं शाळेत, “माय मॉम वर्क्स इन टीव्ही,” असं सांगितलं होतं. ही नोकरी गेली असती तर मला परत त्या मागच्या खोलीत पँटी आखूड करायला बसावं लागलं असतं, आणि नववी ती नववीच, असं मीच स्वतःला उरलेलं आयुष्य सांगत राहिले असते.

आता माझी चूक.

नायकाचा एक करडा कोट होता. बाकीच्या कपड्यांच्या दोन-दोन, तीन-तीन जोड्या होत्या. हा मात्र खराच जुना, लंडनच्या गोदामातून भाड्यानं आणलेला, एकुलता एक. गोष्टीत नायक तारेच्या कुंपणावरून उडी मारतो आणि खांद्यावर कोट फाटतो. ती चीर काकांनी गोदामवाल्यांची परवानगी काढून, दोन दिवस घालवून केली होती. गुरुवारी अर्धा प्रसंग चित्रित झाला. शुक्रवारी कोट आमच्या खोलीत परत आला. काका दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, मी एकटी. कोटाला सेटवरच्या मुलीनं चिठ्ठी लावली होती: फिक्स पॉकेट, लीव्ह टेअर.

फिक्स मला माहीत होतं. पॉकेट माहीत होतं. टेअर म्हणजे चीर, हे काकांनी शिकवलं होतं. आणि लीव्ह म्हणजे रजा. आमच्या कारखान्यात मुकादमाच्या टेबलावर लीव्हचं रजिस्टरच होतं. मला वाटलं, शुक्रवार आहे, पोरगी रजेवर निघालीय, घाईघाईत दोन्ही कामं लिहून मध्ये आपली रजा कळवून गेलीय. खिसा आणि चीर. भाड्याचा कोट, शूटिंग झालं असणार, परत द्यायचा तर नीट करूनच दिला पाहिजे.

खिसा दहा मिनिटांत झाला. चिरेला चार तास लागले. आतून धागे काढले, कडांची लोंबती लव कापून साफ केली आणि एकेक उभा, एकेक आडवा धागा भरत गेले. इतकं चांगलं रफू मी आयुष्यात केलं नव्हतं. शनिवार-रविवार मी खुशीत होते.

सोमवारी सकाळी काका आले, कोट उचलला, खांदा उजेडाकडे केला. मग दुसरा खांदा केला.

“चीर कुठाय?”

“बुजवली!” मी म्हटलं.

काका स्टुलावर बसले. भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिले. “सुंदर,” ते हळूच म्हणाले. मी लाजले. “फार सुंदर. आज दुपारी ह्या चिरेचा उरलेला प्रसंग आहे.”

मी चिठ्ठी दाखवली, रजेचं सांगितलं, शब्द एकमेकांवर आपटत होते. काकांनी चिठ्ठी वाचली. माझ्याकडे बघितलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. ते इतके हसले की मुलतानी मातीच्या फडक्यानं डोळे पुसले आणि तोंड धुळीनं भरलं. “चिरेला रजा!” ते म्हणत होते, “अगं, लीव्ह म्हणजे असू दे! राहू दे!”

तेवढ्यात प्रमुखबाई आत आल्या.

दुसरा कुणी असता तर कोट पाठीमागे धरला असता. काकांनी तो सरळ त्यांच्या हातात दिला, वर भिंग दिलं. “फाइंड द टेअर.” बाईंनी उजवीकडे शोधलं, डावीकडे शोधलं आणि मग त्यांना कळलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या माझ्याकडे न बघता काकांशी बोलल्या. मला ‘टुडे’ आणि ‘गो’ एवढंच कळलं, पण ते पुरे होतं.

पुढचं बोलणं काकांनी मला नंतर सांगितलं. बाई म्हणाल्या, हिला आज घरी पाठवा आणि चीर तुम्ही पुन्हा करा. काका म्हणाले, मला ती आठवत नाही. मी केली आणि विसरलो. ही चार तास त्या चिरेच्या आत बसलेली आहे, कुठला धागा कुठे तुटला होता ते हिलाच ठाऊक. गाडी अकराला कोट न्यायला येणार ना? अकरापर्यंत हिला दे. नाही जमलं तर आमच्या दोघांची ट्रेन एकच आहे.

बाई गेल्या. काकांनी हात मागे बांधले.

“तुम्ही करा ना काका. मी सांगते कसं होतं ते.”

“मी हात लावणार नाही.”

“मला फाडता येत नाही, तुम्हाला माहितेय!”

“सांग, कशी होती?”

मी डोळे मिटले. आणि ती दिसली. सात बोटं लांब. चार बोटांवर खाली वळलेली. वळणापाशी सात उभे धागे लोंबत होते, चौथा सगळ्यांत लांब, टोकाला मुरडलेला. मी माझे धागे भरले होते त्याच्या उलट्या क्रमानं ओढायला लागले. स्वतःच्या हातचं रफू उसवताना बोटं दुखतात, ते तेव्हा कळलं. चीर उघडली, पण कडा माझ्या कात्रीनं गुळगुळीत झालेल्या. मी परत कात्रीकडे हात नेला.

“ती ठेव.” काकांनी कोपऱ्यातून कुंपणाच्या तारेचा तुकडा आणून टेबलाच्या कडेला आवळला. “तू फाडू नकोस. तो माणूस घाईत आहे, मागे लोक लागलेत, त्याला कोटाची पर्वा नाही. तू फक्त कुंपण हो.”

मी चिरेची कड तारेवर टाकली आणि सोडून दिली. म्हणजे कोटाच्या वजनाला खाली जाऊ दिलं आणि आडवा झटका दिला. ‘चर्र’ असा आवाज आला. कडा पिंजारल्या. पहिल्यांदाच माझ्या हातून सरळ न फाटलेलं कापड मी बघितलं. मग आतल्या पट्टीतली लोकर घेऊन ते सात धागे परत लावले, चौथा लांब, टोक थुंकीनं मुरडलं. तारेचा ब्रश, चहाचं पाणी, मुलतानी माती. काका शेजारी बसून दाढ दुखतेय म्हणून लवंग चघळत होते, एकदाही ‘बरोबर’ म्हणाले नाहीत की ‘चूक’.

अकराला दहा मिनिटं असताना बाई आल्या. गुरुवारचा फोटो खांद्याशेजारी धरला. फोटो, कोट, फोटो. मला राहवेना, एक धागा किंचित आत गेल्यासारखा वाटला म्हणून मी हात पुढे केला.

“लीव्ह इट,” बाई म्हणाल्या.

मी घाबरून काकांकडे बघितलं.

“रजा नाही,” काका म्हणाले. “हात लावू नकोस म्हणतेय. झालंय.”

कोट गाडीत गेला. त्यानंतर आमच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर ती सेटवरची मुलगी चित्र काढायला लागली. शिवायचं असेल तर सुई, हात लावायचा नसेल तर फुली मारलेला पंजा. मी शेवटच्या दिवसापर्यंत कामावर राहिले आणि बाईंनी पुढच्या मालिकेसाठी माझा नंबर शिकागोतल्या त्यांच्या ओळखीच्या माणसाला दिला.

मालिका दाखवली गेली तेव्हा एका रविवारी दुपारी आम्ही सगळे काकांच्या मुलीकडे बघायला बसलो. कुंपणाचा प्रसंग आला. मला कुठे जोड दिसली नाही. काकांना दिसली की नाही विचारलं, तर म्हणाले, “कोट बघितलाच नाही मी. तो माणूस सुटतो की नाही, तेच बघत होतो.” त्यांच्या तोंडून मला मिळालेली शाबासकी ती एवढी.

शेवटी नावं भराभर वर जायला लागली. काकांनी रिमोट दाबून थांबवलं. “वाच.” कपडे विभागाच्या नावाखाली दोन ओळी होत्या. एक प्रमुखबाईंची. दुसरी माझी, आडनावातलं एक अक्षर गेलेलं, पण माझीच. माझा पोरगा सोफ्यावर उभा राहून ओरडला, “मॉम, दॅट्स यू!” मी पुन्हा वाचलं, वरखाली शोधलं.

“तुमचं कुठाय?”

“दोनच मिळाल्या होत्या ओळी.”

“मग दुसरी तुमची ना!”

“अगं, मळाला कुणी नाव लावतं का? चल, चहा टाक.”

मी स्वयंपाकघरात गेले, मागोमाग त्यांची मुलगी आली. चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, “बाबांचं नाव कध्धीच आलं नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. तेव्हा तिकडे त्यांच्या कामाला ओळच नसायची. आई मात्र प्रत्येक मालिका शेवटपर्यंत बघत बसायची. सगळं वर जाऊन टीव्ही काळा होईपर्यंत. आम्ही म्हणायचो, आई, झालं. ती म्हणायची, थांबा, एखादवेळेस असेल.”

माझ्या हातून साखर दुप्पट पडली. काकांनी तो चहा तसाच संपवला.

त्यानंतर माझी आणखी तीन कामं झाली. मी अजून दुसऱ्यांच्या हाताखाली आहे, इंग्रजीही अजून अडखळतं, आणि चिठ्ठी आली की आधी तीनदा वाचते. पण काम मला येतं. हे मी आता न घाबरता लिहू शकते. एक दिवस कपड्यांच्या ओळी कुणाकुणाला द्यायच्या हे मला विचारतील, तेव्हा पहिली ओळ काकांची असेल. ते चिडतील, ‘काढून टाक’ म्हणतील, चार दिवस फोन घेणार नाहीत. चालेल. त्यांच्या मुलीकडून त्यांचं पूर्ण नाव इंग्रजीत लिहून घेऊन मी फोनमध्ये ठेवलंय, आणि त्यातलं एकही अक्षर मी कुणाला गाळू देणार नाही.